न्यायालय कायदा रद्द करते, म्हणजे नेमके काय?

‘न्यायालयीन पुनर्विलोकन’, म्हणजे कायदा राज्यघटनेला धरून आहे का हे तपासण्याचा आणि नसल्यास तो रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार, ही संज्ञा विद्यार्थी पाठ करतात आणि व्याख्येचे गुणही मिळवतात. पण न्यायालयाच्या अधिकाराबद्दलचे गैरसमज व्याख्येने जात नाहीत. त्यासाठी वर्गात एखादा खटलाच उलगडून दाखवायला हवा.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने या बंदवर फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली आणि दोघींना अटक झाली. ऑनलाइन आक्षेपार्ह किंवा त्रासदायक मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ या प्रकरणाने देशभर गाजले.

गैरसमज : चुकीचा कायदा न्यायालय आपणहून रद्द करते.
वस्तुस्थिती : सहसा कुणीतरी दाद मागावी लागते. या कलमाविरुद्ध दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ ने सर्वांना खुली ठेवली आहे.

गैरसमज : न्यायाधीशांना कायदा पटला नाही, की तो जातो.
वस्तुस्थिती : कसोटी राज्यघटनेची असते. २४ मार्च २०१५ च्या निकालात ६६अ रद्द झाले. त्यातील ‘त्रासदायक’सारखे शब्द इतके मोघम होते, की त्यात कोणतेही बोलणे गुन्हा ठरू शकले असते. अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याला त्याने बाधा येत होती. त्याच निकालात संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ मात्र वैध ठरले. एकाच कायद्यातले एक कलम गेले, दुसरे टिकले. मुलांना दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचायला दिली, तर कसोटी कशी लागते हे त्यांचे त्यांनाच दिसते.

गैरसमज : हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा.
वस्तुस्थिती : उच्च न्यायालयांनाही तो आहे. महाराष्ट्रातील डान्सबारबंदी २००६ मध्ये आधी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

गैरसमज : कलम रद्द झाले, की विषय संपला.
वस्तुस्थिती : न्यायालय निकाल देते, अंमलबजावणी शासनाच्या हाती असते. ६६अ रद्द होऊन अनेक वर्षे उलटली, तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला : या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये आणि पोलिसांनी नवे गुन्हे नोंदवू नयेत.