श्रेष्ठ कोण ठरेल?

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे रसिक ही म्हण दरवर्षीं पारखून पाहतात. मधल्या फळींतील तरुण गड्यांपैकीं पुढें श्रेष्ठ कोण ठरेल, हा त्यांचा आवडता वाद होय.

या खेळाचे नियम मेलबर्न येथें १८५९ सालीं प्रथम लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार; प्रत्येक पक्षाचे गडी १८. चेंडू लाथेनें वा मुठीनें मारून साथीदारास द्यावयाचा, फेंकण्यास मनाई. मधल्या फळीस दोन गुण लागतात: झुंबडींत शिरून चेंडू मिळविणें, आणि मोकळें होऊन तो अचूक पोंचविणें.

पहिल्या गुणांत मॅट रॉवेल पुढें, दुसऱ्यांत निक डेकॉस. डेकॉसनें २०२२ सालीं, पहिल्याच हंगामांत, उदयोन्मुख खेळाडूचें पारितोषिक मिळविलें. रॉवेल २०१९ च्या निवडींत सर्वांत प्रथम निवडला गेला. २०२० च्या आरंभींच्या सामन्यांत तो चमकलाहि, परंतु लवकरच खांदा दुखावून त्याचा हंगाम संपला. त्या वेळीं निकाल दिला असता तर तो चुकला असता. कारण २०२५ सालीं पंचांच्या मतांवर मिळणारें ब्राऊनलो पदक रॉवेलनें ३९ मतांनीं जिंकलें. डेकॉस ३२ मतांनीं दुसरा आला.

तरी वाद मिटला, असें आम्ही म्हणत नाहीं. डेकॉस २०२४ सालींहि दुसरा होता. असें सातत्य थोडें नव्हे. पाळण्यांत पाय दिसतात खरे, पण ते किती दूर चालतील, हें मात्र तेथें दिसत नाहीं. पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं पहिल्या परीक्षेचे गुण पाहतांना एवढें ध्यानांत ठेवावें.