चाकाच्या तुंब्यांतला आवाज

कांहीं वर्षांमागें पावसाळ्यांत माझ्या मुलाच्या मोटारींतून आम्ही पुण्याहून साताऱ्यास निघालों होतों. मागच्या बैठकीवर मी, सूनबाई व नात. वेग साठ किलोमीटरच्या वर गेला कीं कोठून तरी भुंगा गुणगुणावा तसा आवाज येई, व वेग उतरला कीं तोहि उतरे. "रस्ताच तसा आहे, बाबा," असें मुलगा म्हणाला आणि मींहि तें मानलें. ही आमची पहिली चूक. दुसरी पुढें झाली व ती अधिक महाग पडली.

ज्यांनीं बैलगाडी जवळून पाहिली असेल त्यांना चाकाचा तुंबा व त्यांतून जाणारा आंस आठवत असेल. तेथें तुंबा आंसावर घांसतच फिरतो. वंगण आटलें कीं गाडी कुरकुरते व बैलांना ओझें जड होतें. घांसण्यापेक्षां गडगडणें सोपें, हें जड पेटीखालीं गोल काठ्या सारणारा हमालहि जाणतो. याच तत्त्वावर वेल्समधील फिलिप व्हॉन यानें १७९४ मध्यें गाडीच्या आंसासाठीं गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. पुढें अमेरिकेंत बग्ग्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन यानें १८९८ मध्यें निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट मिळविलें.

आजच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांत एक बाहेरचें कडें, एक आंतलें कडें व त्यांमध्यें पोलादी गोळ्यांच्या दोन रांगा असतात. ग्रीस आंतच भरलेलें असून दोन्ही तोंडें रबरी सीलनें मिटलेलीं असतात. खड्डा हा या बेअरिंगचा एक शत्रु, परंतु पाणी त्याहून कपटी. तापलेलें चाक साचलेल्या पाण्यांत गेलें कीं बेअरिंग एकदम निवतें, आंतली हवा आकसते व सीलच्या कडेनें पाणी आंत ओढलें जातें. मग ग्रीस बिघडतें, गंज चढतो, गोळ्यांच्या खोबणीचे टवके उडूं लागतात आणि भुंगा गुणगुणूं लागतो.

हा आवाज ओळखावा कसा? मोकळ्या, सरळ रस्त्यावर गिअर क्षणभर मोकळा केला तरी आवाज तसाच राहिला, तर दोष इंजिनाचा नव्हे. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर पालटतो, बेअरिंगचा सहसा पालटत नाहीं. गाडी उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकांवर पडतो. त्या वेळीं आवाज वाढला तर बहुधा डावें बेअरिंग गेलें असें समजावें. नंतर गाडी जॅकवर उचलून, खालीं पक्का आधार देऊन, चाक वर-खालीं धरून हलवावें. तें डुलत असेल तर दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेक दाबतांच डुलणें थांबलें तर ढिलाई बेअरिंगचीच.

कर्कश नाहीं म्हणून या आवाजाकडे दुर्लक्ष करूं नये. ढिल्या चाकाबरोबर ब्रेकची थाळीहि डुलते व ब्रेकच्या पट्ट्यांना मागें ढकलते. मग ऐन वेळीं पहिला दाब फुकट जाऊन पायटा खोल उतरतो. त्याहून पुढें गेलें तर बेअरिंग तापून जाम होतें, क्वचित् चाक निखळतेंहि. त्या गाडींत माझी नात बसली होती, हें मला पुष्कळ उशिरां सुचलें.

आतां दुसरी चूक. घराजवळच्या एका कारागिरानें दोन तासांत नवें बेअरिंग हातोडीनें ठोकून बसविलें. मी शेजारीं उभा राहून त्याच्या नेमाचें कौतुक करीत होतों! चौथ्या महिन्यांत भुंगा परत आला. दुसऱ्या कारखान्यांत तें बेअरिंग उघडलें, तेव्हां खोबणींत गोळ्यांच्याच अंतराअंतरानें बारीक खळगे उमटलेले दिसले. बाहेरचें कडें घरांत बसवावयाचें असतां घाव आंतल्या कड्यावर बसले होते. त्यांचा सारा जोर गोळ्यांतून गेला होता. जें कडें बसवावयाचें, दाब त्याच कड्यावर पडला पाहिजे. हें झाल्यावर हब आंतल्या कड्यांत दाबतात. त्या वेळींहि त्या कड्याला मागून टेकू लागतो, नाहीं तर पुनः तेच खळगे. या कारखान्यांत तें काम दाबयंत्रावर झालें. जोसेफ ब्रामानें १७९५ मध्यें पेटंट घेतलेल्या या यंत्राची आकृति मीं वर्षानुवर्षें फळ्यावर काढली. प्रत्यक्ष काम करतांना तें प्रथम पाहिलें तें तेथें.

बाकीचें काम सरळ आहे. चाक काढावें, ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेनें टांगावा, रबरी नळीवर लोंबकळूं देऊं नये. जुनें बेअरिंग निघतांना आंतल्या कड्याचा अर्धा भाग पुष्कळदां हबवरच अडकून राहतो, तो पुलरनें ओढून काढावा लागतो. सर्क्लिप नवी घालावी. ज्या गाड्यांना एबीएस आहे, त्यांच्या कांहीं बेअरिंगांच्या एका तोंडाला चुंबकीय पट्टी असते. ती बाजू उलट बसली तर वेग मोजला जात नाहीं, व पुढ्यांतला दिवा पेटून राहतो.

शेवटीं आंसाचा मोठा नट. तो नवाच घ्यावा, आणि गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्कच्या पान्यावर आवळावा. हें माप २०० न्यूटन-मीटर असेल, तर एक मीटर लांब पान्याच्या टोकावर सुमारें वीस किलोंचा भार पडावा, इतका तो जोर होतो. दुसऱ्यानें ब्रेक दाबून धरला म्हणजे आवळणें सोपें जातें. हा नट पुरता आवळल्यावांचून गाडीचा भार नव्या बेअरिंगवर येऊं देऊं नये. निमुळत्या रुळांच्या जुन्या जातीची रीत मात्र अगदीं उलट आहे: तेथें चाक फिरवीत नट आवळून मग किंचित् सैल सोडतात, व नवी फुटीची खीळ घालून तो जागीं अडकवितात.