रानातले गुरू

मुलांनो, वर्धा जिल्ह्यातील बोरच्या अरण्यात अनोळखी पाखरू दिसले, तर त्याचे नाव तुम्ही कोणास विचाराल? मारुती चितमपल्ली प्रथम आपल्या आईस व मामास विचारीत. १९३२ साली गिरण्यांच्या सोलापुरात जन्मलेल्या या मुलास त्यांच्यासवे रानवाटा तुडवितानाच झाडापाखरांची ओळख झाली. पुढे वनाधिकारी होऊन नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथे राहताना त्यांनी ही सवय सोडली नाही. साहेब असूनही ते आदिवासी वाटाड्यांना गुरू मानीत व त्यांच्या तोंडची नावे टिपून ठेवीत; कारण जाणता म्हातारा गेला, की त्याच्याबरोबर ती नावेही जातात. ‘पक्षिकोश’ लिहिताना ही पुंजी कामी आली. २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या जन्मदिवसापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात.