गड चढता, मग लिहायला का घाबरता?

गव्हाणहून निघून कर्नाळा करून येणारे आपल्यात पुष्कळ. रात्री मेसमध्ये गप्पा रंगतात, पण "लिहून दे" म्हटलं की सगळे गप्प! कारण ठरलेलं – "कर्नाळा काय, कुणीही चढतं. त्यात लिहिण्यासारखं काय?"

मित्रांनो, गो. नी. दांडेकरांनी (१९१६–१९९८) शाळा अर्धवट सोडली होती. विक्रमांच्या मागे ते कधी लागले नाहीत. तेच तेच गड पुन्हा पुन्हा हिंडले, जे दिसलं ते लिहिलं. त्यातूनच 'दुर्गभ्रमणगाथा' झाली.

कर्नाळ्याचंच घ्या. अभयारण्यातून वाट, माथ्यावर अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी आणि वर मधमाश्यांची पोळी. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण टाक्यातलं पाणी मार्चमध्ये पिण्याजोगं होतं का? उतरताना कुठली ढोरवाट फसवते? पोळ्यांखाली कुणी सिगरेट पेटवली तर काय होतं? पुढच्या ग्रुपला नेमकं हेच हवं असतं. तारीख जरूर टाका, कारण एका पावसाळ्यात वाट बदलते. आणि ऐकलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. पाण्याबद्दल ठोकून दिलेलं एक वाक्य दुसऱ्याला भर उन्हात महागात पडतं.

सगळ्यात जास्त धीर लागतो तो "आम्ही अर्ध्यातून परत आलो" हे लिहायला. प्रबळगडाशेजारच्या कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात. तिथून मागे फिरलेल्याचं अर्धं पान मला तरी माथ्यावरच्या फोटोपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. शुद्धलेखनाचं टेन्शन नको, ते संपादक मंडळ बघेल!