कर्जत-खालापूरचा वारसा: इमारत नंतर, यादी आधी

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे काढलेत. जे राहिलेत ते चालवून घ्या.

आजचा विषय तुमच्याच सूचनांमधून आलाय. कर्जत-खालापूर पट्ट्यावर कधीही बोललो की एक मागणी हमखास येते: "आपल्या भागाचं एक चांगलं म्युझियम व्हायला पाहिजे." मागणी रास्त आहे. पण माझं मत जरा वेगळं आहे. इमारत ही शेवटची पायरी. पहिली पायरी आहे यादी. कुठली वस्तू, कुठला कागद, कुठला दगड आज कोणाकडे आहे, याची एकच सामायिक यादी. ती गावातल्या इतिहासप्रेमी मंडळांनी आणि शहरातल्या संग्रहालयांनी मिळून करायची.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यादी म्हटलं की मला आधी डेटाबेसच दिसतो. तर डेटाबेसवाल्याच्या नजरेने एक गंमत बघा. गूगलवर 'कर्जत इतिहास' टाका. निम्मे निकाल आपल्या कर्जतचे, निम्मे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचे. 'महड' शोधा. खालापूर तालुक्यातलं वरदविनायकाचं महड हवं असतं आणि समोर येतं चवदार तळ्याचं महाड, तेही रायगड जिल्ह्यातलंच. एका मात्रेचा फरक. इंग्रजीत लिहिलं की तोही जातो. 'आंबिवली'ची लेणी शोधायला गेलात तर कल्याणच्या पुढचं स्टेशन मिळतं. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे 'कोंडाणे'. आपली राजमाचीच्या पायथ्याची लेणी आणि तानाजी मालुसऱ्यांचा कोंढाणा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच होतात. नाव ही ओळख नसते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. दोन माणसांचं नाव सारखं असू शकतं, म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक लागतो. आपल्या गावांच्या वारशाला असा क्रमांक कोणी दिलेलाच नाही.

आता कोणती गोष्ट कुठे आहे ते पाहू.

कोंडाण्याची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. लेणी इसवी सनापूर्वीच्या काळात सुरू झालेली, आणि तिथे एक छोटा ब्राह्मी लेख आहे. त्यात कान्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याचं सांगितलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचं नाव आपल्या तालुक्यात दगडावर आहे! पावसाळ्यात लेण्यांवरून पडणाऱ्या धबधब्याखाली फोटो काढायला शेकडो लोक येतात. त्यातल्या किती जणांना बलक माहीत असेल?

या लेण्यांची जुनी छापील माहिती शोधायची तर साहजिकच तुम्ही कुलाबा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर उघडाल, कारण रायगड जिल्ह्याचं १९८१ पर्यंतचं नाव कुलाबा. तिथे ती मिळणार नाही. १८८२ मध्ये मुंबई इलाख्याचं गॅझेटियर निघालं तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणून कोंडाणे, माथेरान, कोथळीगड हे सगळं ठाण्याच्या खंडांत बसलंय. माथेरान १८५० मध्ये ज्या ह्यू मॅलेटने इंग्रजांच्या नजरेस आणलं तो ठाण्याचाच कलेक्टर. सरकारने सीमा हलवली, तालुका इकडे आला, त्याच्याबद्दलचे कागद तिकडेच राहिले.

माथेरानच्या गाडीची कथा तर याहून भारी. आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून वर नेलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची चार वाफेची इंजिनं आणली होती, क्रमांक ७३८ ते ७४१. यातलं ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं. ७४० गेलं थेट इंग्लंडला, लेटन बझर्ड नावाच्या गावात. तिथली छोटी रेल्वे चालवतात कोण, तर हौशी स्वयंसेवक. आपल्या घाटात चढलेलं इंजिन तिकडच्या एका हौशी सोसायटीने सांभाळलं, याचा मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. पण प्रश्न असा की नेरळच्या शाळेतल्या मुलाला 'आपल्या गाडीची इंजिनं आज कुठे आहेत' हे एका ठिकाणी वाचायला मिळतं का? माथेरानची गाडी युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. आपल्या स्वतःच्या यादीत मात्र नाही, कारण आपली यादीच नाही.

उंबरखिंडीचंही तसंच. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज जिथे अडवली ती जागा खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी. लढाईचं वर्णन परमानंदाच्या 'शिवभारत'मध्ये आहे, म्हणजे ग्रंथ अभ्यासकांच्या टेबलावर. पण फौज कुठल्या वाटेने उतरली असेल, पाणी कुठे असेल, कोणत्या टेकडीवरून खालची वाट दिसते, हे पिढ्यान् पिढ्या तिथे गुरं चारणाऱ्याला जास्त कळतं. या दोघांची गाठ घालून देणारं कोणी हवं.

भाई कोतवालांचं तर विचारूच नका. माथेरानला जन्मलेला हा वकील, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालवणारा, १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडणारा. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगड आज ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात. दस्त्याची माणसं आपल्या गावांतली. सरकारी बाजूचे कागद शोधायचे तर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जावं लागतं. आणि दस्त्याला भाकरी कोणी पोचवली, रात्री कोणाच्या माळ्यावर झोपले, हे कुठल्याच कार्यालयात नाही. ते घराघरांत सांगितलं जातं, आणि सांगणारे आता नातवंडांच्या पिढीतले आहेत.

तर वारसा नाहीसा झालाय असं नाही. तो सहा-सात हातांत विखुरलाय, आणि एका हाताला दुसऱ्याचा पत्ता नाही.

इथे मंडळ आणि संग्रहालय यांची कामं वेगळी का असतात ते समजून घेऊ. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत, लोकांच्या घरातली दप्तरं मिळवत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. १९१० मध्ये त्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि ते गेल्यावर त्यांचा संग्रह धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात सांभाळला गेला. याचा अर्थ आपल्याकडे मंडळ आधी आलं, इमारत मागाहून. कागद मिळाला तो कोणीतरी दार वाजवलं म्हणून.

गावातल्या मंडळाची ताकद हीच, दार वाजवता येणं. वीरगळ कोणाच्या बांधावर आहे, मोडीची बासनं कोणाच्या पेटीत आहेत, कुठली देवी पूर्वी दुसऱ्या जागी होती, हे त्यांना ठाऊक असतं. शहरातल्या मोठ्या संग्रहालयाकडे हे नसतं. त्यांच्याकडे असतं ते दुसरंच: कागदाला बुरशी लागली तर काय करायचं, नोंद कशी ठेवायची, वस्तू उसनी देताना विमा आणि सुरक्षा कशी बघायची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे, आणि शाळांपर्यंत जाणारी त्यांची 'म्युझियम ऑन व्हील्स' बसही आहे. आपल्या पट्ट्यात चार-पाच महिने धो धो पाऊस. भिंतींना ओल येते, कपाटातला कागद मऊ पडतो. तज्ज्ञाचा सल्ला नसेल तर प्रेमानेच नुकसान होतं. फाटलेल्या दस्ताला सेलोटेप लावतात, जुनी पत्रं लॅमिनेट करतात, वीरगळाला चकचकीत ऑइलपेंट देतात. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सोडवणं किती अवघड असतं ते जतनाचं काम करणाऱ्यांना विचारा.

दोघं मिळून काम करतात तेव्हा काय होतं याचं जवळचं उदाहरण साष्टीचं. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग, साठे महाविद्यालय आणि एक संशोधन न्यास यांनी मिळून मुंबई उपनगरांत गावठाण-गावठाण फिरून पाहणी केली. साष्टी म्हणजे बोरिवली-अंधेरीचं काँक्रीट, तरीही जुने दगड, शिल्पं, तळी सापडत गेली. तिथे सापडतं, तर कर्जतच्या डोंगरकुशीत काय असेल!

मग लोक पुढे का येत नाहीत? भीती. आणि ती अगदीच खोटी नाही. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी. ज्याची जमीन तिथे आहे तो 'आमच्याकडे काही जुनं नाही' असंच म्हणणार. नांगरताना नाणी मिळाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, मर्यादा आहे दहा रुपयांची! त्याच कायद्यात सरकारने वस्तू ठेवून घेतली तर मोबदल्याची तरतूद आहे, पण हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. तो गप्प बसतो किंवा सोनाराकडे जातो. साधी नोंद करणं म्हणजे स्मारक जाहीर करणं नव्हे, आणि घरच्या दस्ताचा फोटो दिल्याने दस्त जात नाही, हे समजावायला ओळखीचाच माणूस लागतो.

आणि वेळ थोडा आहे. पनवेल-कर्जत नवी रेल्वे, विमानतळ, फार्महाऊसचे प्लॉट. जमीन विकली की पहिल्यांदा जेसीबी येतो, आणि जेसीबीवाल्याला बांधावरचा कोरीव दगड हा फक्त दगड असतो. दुसरीकडे निसर्ग. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. तिथे वारशाचा हिशेब मांडणं मला जड जातं, माणसांपुढे बाकी काहीच मोठं नाही. पण गडाच्या वाटा, पाण्याच्या जागा, झाडपाला, देवाची गाणी ज्यांच्या तोंडी होती, त्यांच्याकडून ते लिहून घ्यायचं कोणाच्या कामाच्या यादीत नव्हतं, हेही खरं. अशा वाड्या आपल्या डोंगरांत अजून आहेत.

आता यादी म्हणजे नेमकं काय. साधी एक्सेल शीट पुरते. प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक, जो कधीच बदलायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचा नाही. गावाचं नाव देवनागरीत, सोबत तालुका आणि जिल्हा (महड-महाड आठवा). मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश. फोटो दोन: एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून, आणि एक लांबून, आजूबाजूची जागा दिसेल असा. वस्तू सध्या कोणाच्या ताब्यात आहे. माहिती कोणी सांगितली आणि कधी. 'दुसरीकडचा क्रमांक' असा एक रकाना मात्र हवाच. म्हणजे इंजिन ७३८ ची आपली नोंद दिल्लीच्या संग्रहालयातल्या नोंदीशी जोडता येते, लेण्यांची नोंद गॅझेटियरच्या पानाशी. आमच्या भाषेत यालाच जॉईन म्हणतात.

खाजगी घरांची ठिकाणं आणि मूर्तींच्या अचूक जागा सगळ्यांना दिसू द्यायच्या नाहीत, चोरांनाही इंटरनेट येतं. ती पानं मंडळाकडे कुलूपबंद.

हे काही अचाट नाही. नॉर्वे-स्वीडनची कितीतरी छोटी संग्रहालयं 'डिजिटल्टम्युझियम' नावाच्या एकाच सामायिक संकेतस्थळावर वस्तू नोंदवतात. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची प्रणाली केली, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासारखी केंद्राची मोठी संग्रहालयं ती वापरतात. रकाने आधीच नीट ठेवले तर उद्या आपली शीट कुठल्याही मोठ्या प्रणालीत ओतता येईल.

सुरुवात कुठून? माझ्या मते खोपोलीचं तळं. नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि वीरेश्वराचं मंदिर गावात, सगळ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. तिथे ट्रेक नको, परवानगीची भानगड नको. एका रविवारी चार जणांनी जाऊन पायऱ्या, शिल्पं, शेजारचे सुटे दगड नोंदवायचे, एखाद्या आजोबांना जुन्या पाण्याच्या पातळीबद्दल विचारायचं. चाळीस-पन्नास नोंदी सहज होतील. त्या घेऊन संग्रहालयाकडे गेलात तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं, कारण तुम्ही मदत मागायला रिकाम्या हाताने गेलेले नसता.

कोरी शीट या मजकुरासोबत जोडली आहे, रकाने मराठीत आहेत. पुढच्या भागात मोडीबद्दल: घरात बासन निघालं तर ते उघडायच्या आधी काय करायचं.