सात खान्यांत सात वार

गणपती उठले की माझ्या टेबलावर कॅलेंडरांचा ढीग पडतो. किराणा दुकानाचं, पतपेढीचं, वधूवर सूचक मंडळाचं. चित्र महालक्ष्मीचं की बालाजीचं, यावर गिऱ्हाईक तासभर घोळ घालतं. वारांच्या पट्टीकडे ढुंकूनही बघत नाही. डीटीपी करणाऱ्या बाईचं डोकं मात्र तिथेच खर्ची पडतं, कारण खिशातल्या कॅलेंडरात एका वाराला जेमतेम एका अक्षराची जागा मिळते.

मराठीचं त्यात छान जमतं. र, सो, मं, बु, गु, शु, श. अट एकच, काना-मात्रा सोडायच्या नाहीत. काही सॉफ्टवेअर नावातलं नुसतं पहिलं अक्षर उचलतात. मग शुक्रवार आणि शनिवार दोघंही ‘श’ होऊन शेजारीशेजारी बसतात. पत्रिका मांडणारेही हीच अक्षरं वापरतात, फक्त ‘सो’च्या जागी ‘चं’. वार ग्रहांचेच, त्याला काय करणार!

मागे एका निर्यातदाराने परदेशी गिऱ्हाइकांसाठी डायरी करून घेतली, तेव्हा इतरांच्या अडचणी कळल्या. इंग्रजीत दोन एस, दोन टी. स्पॅनिशमध्ये मंगळ आणि बुध दोघंही एमवरून सुरू होतात, म्हणून बुधवारला सरळ एक्स देऊन टाकतात. सर्वांत वाईट दशा पोर्तुगीजांची. ख्रिस्ती माणसाने परक्या देवांच्या नावाने दिवस मोजू नयेत, असं सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या बिशप मार्टिनचं म्हणणं होतं. त्या भाषेत ग्रह गेले आणि आकडे आले. रविवार पहिला धरून सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, असं शुक्रवारपर्यंत. आता आद्याक्षरं घ्यावीत तर सोम, शुक्र, शनि तिघंही एस आणि बुध, गुरू दोघंही क्यू! त्यापेक्षा २, ३, ४, ५, ६ छापलेले बरे, आणि तसे ते छापतातही. गंमत म्हणजे गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य करूनही हे आकडे कोंकणीत शिरले नाहीत. तिथे आजही सोमार, मंगळार, बुधवार, बिरेस्तार.

आकड्यांनी मोजायचं तर एक कुठे, यावर सगळं अडतं. रशियन मंगळवार दुसरा, गुरुवार चौथा, म्हणजे मोजणी सोमवारपासून. पण बुधवारचं नाव ‘मधला’, आणि मधला तो रविवारपासून धरला तरच. स्वाहिलीत तर दोन पाचवे आहेत: शनिवारपासून मोजलेला बुधवार, आणि अरबांकडून जसाच्या तसा उचललेला गुरुवार.

सुरुवात कुठूनही करा, वारांची रांग मात्र सगळीकडे तीच. रवीनंतर सोम, सोमानंतर मंगळ, हा क्रम आकाशातला नव्हे. जुन्या ज्योतिषात ग्रह मंदगतीकडून शीघ्रगतीकडे मांडतात: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे याच क्रमाने त्यांना वाटून द्यायचे आणि पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचा तो वार. चोवीस होऱ्यांत सातांची तीन आवर्तनं होऊन तीन होरे उरतात. शनिवारी ते शनी, गुरू, मंगळ यांना जातात आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा रवीकडे येतो. रवीपासून तसंच मोजलं की सोम. बोटांवर करून बघा. हे वार आपल्याकडेही जुनेच: मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरण गावी गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४ चा स्तंभलेख आहे, त्यात गुरुवारची नोंद आहे. जपानी कॅलेंडरातही हेच ग्रह, एकेका चित्राक्षरात: मंगळाला आग, बुधाला पाणी, गुरूला लाकूड. तिथे कुणाशी कुणाचा गोंधळ नाही. मला त्यांचा हेवा वाटतो.

पहिला खाना कुणाचा, हे मात्र माणसं ठरवतात. इराणात शनिवार पहिला. जर्मनीत १९७६ पासून सोमवार, आणि आंतरराष्ट्रीय मानकातही सोमवारच. आपल्याकडे लाल रविवार आधी. हल्ली कंपन्या शनि-रवि जोडीने शेवटी मागतात. मी देते, पण आधी विचारते की हे कॅलेंडर कोण वापरणार. एका कारखान्याला तसं करून दिलं, तर कामगारांनी सवयीने दुसरा खाना सोमवार धरून ओव्हरटाइमच्या खुणा केल्या आणि सगळा हिशेब एक दिवस पुढे सरकला. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरवर हिशेबनीसाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘र पहिला’.