चित्र भिंतीवर, पण आवाज कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत मामा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी घरी वापरायचा एक छोटा प्रोजेक्टर आणला होता. संध्याकाळी ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा लावला. आळीतली सगळी मुलं जमली. आजीला कमी दिसतं, म्हणून तिला अगदी पुढे, भिंतीजवळ बसवलं. प्रोजेक्टर होता मागे, बोर्डाशेजारच्या टेबलावर.

चित्र झकास दिसत होतं. पण थोड्या वेळानं आजी म्हणाली, “आरं, त्यो बोलतोय म्होरं आन् आवाज येतोय मागनं! मला तर काहीच कळंना.” आणि अर्ध्यातूनच उठून ती आत जाऊन पडली. मला फार वाईट वाटलं. सिनेमा खरं तर तिच्यासाठीच लावला होता.

असं का झालं असेल बरं? प्रोजेक्टरच्या पोटात एक लहानसा स्पीकर असतो. स्पीकरमध्ये लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो. वेटोळ्यातून वीज कमीजास्त वाहिली की पडदा थरथरतो आणि हवेला ढकलतो. तोच आवाज. पडदा लहान, तर तो हवाही थोडीच ढकलणार! शिवाय जवळच प्रोजेक्टरचा पंखा घरघरत असतो. मागच्या मुलांना ऐकू येतं, पुढच्या आजीला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, “आपण बाहेरचे स्पीकर जोडू.” शेजारच्या काकांकडे संगणकाचे दोन स्पीकर धूळ खात पडले होते. ते आणले. ते कसे जोडले, ते आता सांगते.

१) आधी सगळी बटणं बंद केली. स्पीकरचा आवाज अगदी कमी करून ठेवला. नाहीतर सुरू करताच धाडकन आवाज होतो आणि स्पीकरलाही इजा होऊ शकते.

२) प्रोजेक्टरच्या मागे बारीक गोल भोक असतं. त्याच्याजवळ बहुधा हेडफोनचं चित्र असतं. त्यात साडेतीन मिलिमीटरची पिन बसते. पिन नीट पाहा. तिच्यावर दोन काळी वळी दिसतील. त्यामुळे पिनेचे तीन भाग होतात : एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा आणि तिसरा दोघांचा सामाईक. पिन ‘टक्’ होईपर्यंत आत घालावी. आम्ही आधी अर्धीच घातली, तर एकाच बाजूनं आवाज आला!

३) स्पीकर प्रोजेक्टरजवळ नव्हे, तर भिंतीजवळ, चित्राच्या दोन्ही बाजूंना ठेवले. स्पीकरची वायर आखूड पडली, म्हणून मामांनी बाजारातून पाच मीटरची जोडवायर आणली. ती भिंतीच्या कडेनं नेली, म्हणजे कोणाच्या पायात अडकत नाही.

४) मग प्रोजेक्टर सुरू केला, नंतर स्पीकर. आवाज हळूहळू वाढवला.

सुरू केल्यावर ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. आवाजाची वायर विजेच्या वायरीला चिकटून गेली, तर कधी कधी तो घुमारा स्पीकरमध्ये शिरतो. दोन्ही वायरी हातभर लांब केल्या आणि प्रोजेक्टर व स्पीकर एकाच बोर्डावर लावले. घुमारा थांबला.

दादा म्हणाला, “वायर कशाला? ब्लूटूथनं जोडू की!” त्याच्याकडे ब्लूटूथचा स्पीकर होता, तोही जोडून पाहिला. पण माणसाचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी बांधून पाठवावा लागतो आणि पोचल्यावर सोडावा लागतो. त्यात किंचित वेळ जातो. गाण्याला चालतं, सिनेमात खटकतं. वायरीत असा उशीर जाणवत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. संगणकावरून चित्र दाखवताना एचडीएमआय वायर लावली, तर चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात. जुनी व्हीजीए वायर मात्र फक्त चित्र नेते. तेव्हा स्पीकरची पिन सरळ संगणकालाच लावावी. दुसरी गोष्ट म्हणजे मांडवातले मोठे स्पीकर. ज्यांना स्वतःची विजेची वायर नसते, ते या भोकाला जोडून चालत नाहीत. तिथली वीज फार थोडी. त्यांना मध्ये ॲम्प्लिफायर लागतोच. विजेचं काम ओल्या हातानं करू नये आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय तर मुळीच नको.

आपल्या देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. थिएटरात मुख्य स्पीकर पडद्याच्या मागे ठेवतात आणि आवाज बाहेर यावा म्हणून पडद्याला बारीक बारीक भोकं असतात. म्हणजे आजीचं म्हणणं खरंच होतं. जिथं माणूस बोलताना दिसतो, तिथूनच शब्द आला, तर तो कानाला लवकर कळतो.

त्या संध्याकाळी आम्ही आजीला पुन्हा पुढे बसवलं. सिनेमा संपेपर्यंत ती जागची हलली नाही. मधे एकदाच ओरडली, “आवाज कमी करा रं! मी काय बहिरी हाय व्हय?”

सगळे खो खो हसले. मी मात्र लगेच आवाज थोडा कमी केला.

जाता जाता एक प्रश्न : चित्राला उमटायला भिंत लागते, मग आवाजाला पोचायला काय लागतं? उत्तर वरच्या लेखातच आहे. शोधा पाहू!

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी